माशी

तंबूच्या कापडावर दव नव्हतं, बर्फाचा पापुद्रा होता.
टास्मानियाच्या पठारावर डिसेंबरात असंच:
उन्हाळा दुपारी येतो, चारला परत जातो.

हालिना जागी झाली पक्ष्यांच्या भांडणानं.
त्या काळ्या करावाँगांनी रात्री पिशवीची चेन चोचीनं उघडून
अर्धा पाव पळवला होता. चीज ठेवलं होतं, सभ्यपणे.
शेजारची पथारी रिकामी. रोरी कधीच गेलेला.
आणि पत्र्याची डबी
उघडी.

डबी तंबाखूची, वडिलांची.
झीग्मुंट बोटीतून उतरला तो थेट ह्या धरणावर.
दिवसा काँक्रीट. रात्री बराकीत कंदिलाखाली माश्या.
बाकीचे घरी पत्रं लिहीत;
त्याला लिहायला तिकडे कुणी उरलं नव्हतं.
तो गळाला वॉलबीची लव बांधायचा,
कोंबड्याच्या मानेचं पीस त्यावर गुंडाळायचा
आणि शेवटची गाठ दातात धरून आवळायचा.
मासा आणि माशी.
सगळं कसब त्या एका वेलांटीत.

मग पाणी चढलं. झाडं उभ्यानं बुडाली,
अजून उभीच आहेत, राखाडी, साल गेलेली,
पाहुण्यांना बसा म्हणायचं कुणी विसरावं तशी.
ट्राउटही इथले नव्हेत. बर्फात दडपलेली अंडी होऊन
तेही बोटीतूनच आले, झीग्मुंटच्या खूप आधी.

डबीत सात माश्या. सहा वापरायच्या.
सातवी कापसात.
तिला त्यानं स्वतःही कधी पाणी दाखवलं नव्हतं.
हे रोरीला सांगायचं राहून गेलं होतं,
किंवा सांगितलं होतं, त्याच्या कानात गाणी चालू असताना.

गमबूट चढवून ती काठाशी पोचली, तेव्हा तो
मेलेल्या झाडांमध्ये कमरेइतक्या पाण्यात.
दोरी मागे उलगडते आहे, पुढे उलगडते आहे,
पण माशी शिंकायची ती शिंकतेच:
एकदा फांदीत, एकदा त्याच्याच टोपीत,
एकदा नुसतीच, कारण न देता.
हाक मारायला तिनं तोंड उघडलं
आणि पाण्यावर एक वर्तुळ उमटलं,
अगदी लहान, बशीएवढं.
काठी वाकली.

नंतरचं काही तिला नीट आठवत नाही.
जाळ्यात मासा होता, लोण्यासारख्या पोटाचा,
आणि त्याच्या जबड्यात, पार चावून चोथा झालेली,
सातवी.

"आण इकडे."
तिनं चिमट्यानं गळ सोडवला. लव सुटून लोंबत होती.
लवेखाली, जिथे माशाखेरीज कुणाचं लक्ष जाणार नाही,
लाल.
लोकरीचा लाल धागा, चार वेढे.

आठ वर्षांची असताना तिचा एक हातमोजा हरवला होता.
आईनं आधी पोलिशमध्ये रागावून घेतलं,
मग शेजाऱ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत.
वडील सूप पीत राहिले, मान वर न करता.
पुढे सगळा हिवाळा ते तिला शाळेपर्यंत सोडायचे,
तिचा उघडा हात आपल्या कोटाच्या खिशात घेऊन.
तिला वाटलं होतं, माया.

"चोर," ती म्हणाली.
रोरी पांढरा पडला. "आजी, खरंच, मला माहीत नव्हतं..."
"तू नव्हे रे."

मासा लोण्यात परतला. उरलेला पाव त्याच्यासोबत.
"दुसरा हातमोजा कुठाय?" काटा काढत त्यानं विचारलं.
"आईनं चुलीत घातला. एकटा काय करायचाय, म्हणाली."
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
वारा सुटला. निलगिरीवरचे भुंगेरे
टपटप पाण्यात पडू लागले,
आणि जागोजागी बशा उमटू लागल्या.

शेपटीकडचा तुकडा तिनं त्याच्या ताटात सरकवला.
डबी मांडीवर घेतली.
"अजून सहा आहेत," ती म्हणाली,
"बघू यांच्या पोटातून काय निघतं."